अकरा खोल्यांचे कंट्रोलर

सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत, मेहुणेसुद्धा. सत्तावीस वर्षं एका मोठ्या बसस्थानकावर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार हे त्यांनी ठरवलं आणि माईकवरून सांगितलं. फलाट चौदा, गाड्या दिवसाला सहाशेच्या वर. वेळापत्रक कागदावर असायचं, पण कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांचं फारसं सख्य नसतं. एखादीचं टायर फुटायचं, एखादी अर्धा तास आधीच येऊन दारात उभी राहायची, आणि प्रत्येक वेळी कंट्रोलर मनातल्या मनात चौदा घरांचा डाव पुन्हा मांडायचे. आवाज खणखणीत. स्थानकाबाहेर चपला दुरुस्त करणारा म्हणायचा, ह्यांच्यामुळे मला घड्याळ घ्यावं लागलं नाही.

पन्नाशी उलटली आणि हाच आवाज बसू लागला. आधी सर्दी समजून काढे झाले, मग डॉक्टर झाले. स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर कळलं की गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण आवाज गेला तो गेलाच. उरली एक खरखर, समोरच्याने वाकून कान दिला तरच पोचणारी. खात्याने त्यांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. सहा महिने त्यांनी छत्र्या, डबे आणि एकेकट्या चपलांची नोंद केली आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली.

घरी बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत दोन मशिनी आणि दिवसभर गिऱ्हाइकं. घरी बसलेला नवरा म्हणजे दारात ठेवलेलं कपाट, ती म्हणायची, जाता-येता लागतं. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. त्याचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सून एका कंपनीत कामाला होती. मोठमोठ्या गोदामांमध्ये कोणता माल कुठल्या फळीवर ठेवायचा हे ठरवणारे प्रोग्रॅम ती लिहायची. स्वभावाने मितभाषी. सासऱ्यांना बोलता येत नव्हतं, सुनेला बोलायची सवय नव्हती. दोघांचे मिळून दिवसाला दहा शब्द व्हायचे, त्यातले आठ तिचे.

अशातच घराजवळच्या सभागृहात त्यांना काम मिळालं. तीन मजले, अकरा खोल्या, तळाला चारशे खुर्च्यांचं मोठं दालन. परिषदा, शिबिरं, परीक्षा यांसाठी ती इमारत भाड्याने जायची. तिथल्या व्यवस्थापक बाई कॉलेजात असताना रोज त्यांच्याच स्थानकावरून जात-येत. ओळख सांगून त्या म्हणाल्या, आवाजाचं काय करायचंय, मला नजर हवी आहे. चाव्या, खुर्च्या, माईक, पडदे हे सगळं कंट्रोलरांकडे आलं. महिन्याभरात त्यांना खोल्यांच्या खोड्या पाठ झाल्या. सात नंबरच्या मधोमध खांब होता, त्यामागे बसणाऱ्याला वक्त्याचे फक्त हात दिसायचे. नऊ नंबरला लागून स्वयंपाकघर होतं, तिथे साडेअकराला ताटांचा खणखणाट सुरू व्हायचा. चार नंबरचा एसी बरोबर वक्त्याच्या डोक्यावर ठिबकायचा.

पहिल्याच वर्षी परिचारिकांची तीन दिवसांची परिषद आली. अकराशे माणसं, शंभराच्या आसपास सत्रं. कोणतं सत्र कोणत्या खोलीत हे दोन महिने आधीच छापून आलं होतं, आणि ते मानाप्रमाणे होतं: मोठं नाव, मोठी खोली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या डॉक्टरांचं भाषण तळाच्या दालनात होतं. कंट्रोलरांनी डोकी मोजली. एकोणीस. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या तीस खुर्च्यांच्या खोलीत वॉर्डात काम करणारी एक परिचारिका, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते सांगत होती. तिथे दीडशे जणी आल्या. खोली भरली, दार भरलं, जिना भरला. मागच्या बायका पुढच्यांकडून ऐकून वहीत लिहीत होत्या, आणि वाक्य जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाईतो त्याचं काहीतरी भलतंच झालेलं असायचं.

कंट्रोलर जिन्यात उभे राहून ते बघत होते. अशी फजिती त्यांच्या ओळखीची होती. बसस्थानकावरही लांब पल्ल्याची आरामगाडी एक नंबरला दिमाखात रिकामी उभी असायची आणि खचाखच भरणारी गाडी मुतारीमागच्या चौदा नंबरला. ते त्यांनी कारभार हातात येताच बदललं होतं. मग खोल्या का बदलू नयेत?

परिषद संपल्यावर त्यांनी व्यवस्थापक बाईंसमोर एक कागद ठेवला. खोल्या आधी ठरवू नका, असं त्यावर होतं. लोकांना काय ऐकायचंय ते त्याच दिवशी विचारा आणि त्याप्रमाणे खोल्या द्या. बाईंनी तो दोनदा वाचला. पुढच्या वर्षी हीच परिषद आहे, त्या म्हणाल्या, तोवर करून दाखवा.

ते कामाला लागले ते जेवणाच्या टेबलावर. पुठ्ठ्याचे अकरा चौकोन कापले, त्यावर खोल्यांचे नंबर टाकले आणि बायकोच्या डब्यातली बटणं माणसं म्हणून वापरली. दहा माणसांना एक बटण. बटणं सरकवत तास घालवायचे, आणि दर वेळी एक सत्र कुठेच न बसता हातात उरायचं. बायको म्हणाली, माझ्या गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं परिषदेला गेली आहेत, ती परत कधी येणार ते सांगा.

एका संध्याकाळी ते पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघतात तो डाव बदललेला. दोन सत्रांची अदलाबदल झाली होती आणि हातात उरलेलं सत्र बसलं होतं. सून ताटं मांडत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या गोदामात असंच असतं, बाबा. एक खोकं बसत नसलं की दुसरी दोन हलवायची."

त्या दिवसापासून दोघं रोज टेबलाशी बसू लागली. त्यांना फार बोलवत नसे, म्हणून ते चिठ्ठ्यांवर लिहायचे. ती तोंडाने उत्तर द्यायची. पण आठवड्याभरात तीही लिहू लागली, कारण लिहिलेलं राहतं. बटणं डब्यात गेली आणि लॅपटॉप आला. ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची. सात नंबरमध्ये पन्नास खुर्च्या आहेत तर तुम्ही चाळीसच का धरता? त्यांनी खांबाचं चित्र काढलं. नऊ नंबर सकाळी चालते आणि दुपारी चालत नाही, हे कसं? त्यांनी ताट काढलं. सत्तावीस वर्षांत त्यांना 'का' असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं त्यांनाही काही गोष्टींचं कारण ठाऊक नव्हतं, ते त्या टेबलावर कळलं.

सगळ्यात मोठी अडचण लोकांच्या बोलण्याची होती. येणाऱ्या प्रत्येकीने फोनवर आपल्याला हवं ते सत्र निवडायचं, त्यावरून आकडा कळणार, अशी योजना होती. पण कंट्रोलरांना माणसं माहीत होती. लग्नाचं वऱ्हाड साठ जणांचं म्हणून गाडी मागतं आणि चढतात बेचाळीस. कधी उलटही. त्यांनी लिहिलं: सांगितलेल्यापैकी खरे येतात किती, ते सकाळच्या पहिल्या सत्राला दारात मोजायचं, आणि दिवसभर त्याच मापाने भागायचं. सुनेने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं. ते मात्र त्याला थापेचा भागाकार म्हणायचे, आणि शेवटी प्रोग्रॅममध्येही तेच नाव पडलं.

दुसऱ्या वर्षीची परिषद आली. सुनेने तीन दिवस रजा घेतली. मोठ्या दालनाबाहेर पडदा लावला होता. त्यावर सत्र, खोली आणि ते किती जणींनी निवडलंय याचा आकडा दिसायचा. परिषदेच्या संयोजक बाई धास्तावलेल्या होत्या. पण सकाळ अशी गेली की त्या स्वतः चहा घेऊन आल्या. कुठे जिना तुंबला नाही, कुठे रिकाम्या खुर्च्यांपुढे कुणी बोललं नाही.

दुपारी बिघडलं. तापाने फणफणलेल्या मुलाची काळजी आणि जखमेची पट्टी अशी दोन सत्रं एकाच वेळी होती. तापाला थोड्या जणी जास्त होत्या, म्हणून प्रोग्रॅमने त्याला मोठं दालन दिलं. पडद्यावर ते दिसताच बाकीच्यांना वाटलं, तिथेच काहीतरी चांगलं असणार, आणि त्यांनी ताप निवडला. पट्टीचं सत्र ओस पडून तिसऱ्या मजल्यावरच्या लहान खोलीत गेलं. मग तापाचा आकडा फुगलेला बघून कित्येक जणींनी विचार केला, तिथे उभं राहायलाही जागा मिळणार नाही, त्यापेक्षा पट्टी बरी. पट्टी फुगली. प्रोग्रॅमने पुन्हा अदलाबदल केली. वीस मिनिटांत तीनदा. जिन्यातून निम्म्या बायका वर चालल्या होत्या आणि निम्म्या खाली, आणि दोन्ही घोळक्यांना आपणच बरोबर चाललोय असं वाटत होतं.

गर्दी ओसरल्यावर कंट्रोलरांना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर एक वृद्ध बाई बसलेल्या दिसल्या. हातात काठी, गळ्यात परिषदेचं ओळखपत्र. निवृत्त परिचारिका होत्या, वय पंचाहत्तरच्या आसपास. ते त्यांच्याजवळ वाकले आणि कुठल्या सत्राला जायचंय ते विचारलं. पट्टीच्या, त्या म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी आज पहिल्यांदा बोलणार होती. आधी त्या वर गेल्या, तिथून तळाला पाठवलं, तळाशी पोचल्या तर पुन्हा वर. लिफ्टला रांग होती.

"चला, मी सोडतो," कंट्रोलर म्हणाले.

"आता संपत आलं असेल." त्यांच्या स्वरात राग नव्हता. "खोली लहान आहे की मोठी, याच्याशी मला काय करायचं होतं? ती एका जागी असती तर मी हळूहळू पोचले असते."

कंट्रोलर त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने ती शिष्या धापा टाकत जिना उतरून आली. ती पहिल्या रांगेत बाईंना शोधत बोलली होती.

पाचला इमारत रिकामी झाली. सून मोठ्या दालनात पहिल्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसली होती आणि खुशीत होती. दिवसभरात दर दहा खुर्च्यांमागे नऊ भरल्या होत्या. तिच्या गोदामातसुद्धा असा आकडा येत नसे. कंट्रोलरांनी चिठ्ठी काढली, लिहायला घेतली, आणि मग चिठ्ठी खिशात ठेवून बोलू लागले. घसा दुखत होता, तरी बोलले. घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट होती ती.

बसस्थानकावर एकदा त्यांनी सहा नंबरची गाडी अकराला हलवली होती. तीनदा सांगितलं, स्पष्ट सांगितलं. एक बाई तान्ह्या मुलीला सीटवर बहिणीजवळ ठेवून पाणी भरायला उतरली होती. नळाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. परत आली तर सहा नंबरला दुसरीच गाडी. कंट्रोलरांनी गाडी पुढच्या चौकात अडवली, बाईला जीपने पोचवलं. सगळं मिळून वीस मिनिटं. काही झालं नाही. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

"पण ती गाडी हलवायची गरजच नव्हती," ते म्हणाले. "सहा नंबर जरा तिरका होता, अकरा सरळ. नीट दिसावं म्हणून हलवली. मला खेळ जमत होता ना, म्हणून मी खेळत होतो."

सुनेने लॅपटॉप बाजूला ठेवला. मग तिने स्वतःची चूक सांगितली. गोदामात खोकी हलतात. खोक्याला पाय दुखत नाहीत आणि खोकं वाट चुकत नाही. त्यामुळे हलवण्याचं तिथे काही मोजावंच लागत नाही. इथे ते मोजायला हवं होतं. प्रत्येक हलवण्याला दंड लावायचा. फायदा त्या दंडापेक्षा मोठा असेल तरच सत्र हलेल.

"किती दंड लावू?"

"एका म्हाताऱ्या माणसाचा जिना."

"आकडा सांगा, बाबा."

कंट्रोलरांनी विचार केला. "तीस. न हलवल्याने तीस माणसं उभी राहणार असतील तरच हलव. त्याच्या आत असतील तर राहू दे, माणूस तासभर उभा राहू शकतो."

त्या संध्याकाळी त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. सत्राला पाऊण तास उरला की खोली पक्की, मग आभाळ कोसळलं तरी बदल नाही. आणि ज्यांनी चालायला त्रास होतो असं नोंदवलंय, त्यांनी निवडलेली सत्रं तळमजल्यावर किंवा लिफ्टसमोर, न हलणारी. तिसरी गोष्ट सुनेने सुचवली: पडद्यावरून माणसांचा आकडा काढून टाकायचा. आकडा बघूनच लोक इकडून तिकडे पळतात. कंट्रोलरांना ते पटलं नाही, पण दुपारचा गोंधळ डोळ्यांसमोर होता, म्हणून त्यांनी होकार दिला.

दुसरा दिवस नीट गेला. आदल्या दिवसापेक्षा खुर्च्या थोड्या जास्त रिकाम्या राहिल्या, दोन खोल्यांत काही जणी उभ्या होत्या, आणि जिना मोकळा होता. त्या दिवशी गेल्या वर्षीच्याच मोठ्या डॉक्टरांचं भाषण होतं. त्यांना तीस खुर्च्यांची पाच नंबरची खोली मिळाली. संयोजक बाई धावत आल्या. एवढं एक हाताने बदलता येणार नाही का? कंट्रोलरांनी सुनेकडे बघितलं, सुनेने त्यांच्याकडे. बदलणं सोपं होतं, एक बटण दाबायचा अवकाश. कंट्रोलर म्हणाले, एकाचं बदललं की उद्या सगळ्यांचं बदलावं लागेल, मग आपण पुन्हा छापील कागदावर. बाई तोंड पाडून गेल्या.

डॉक्टर आले, दारावरचा नंबर वाचला, आणि आत गेले. सव्वीस जणी होत्या. बोलले पूर्ण वेळ, आणि चांगलं बोलले असं म्हणतात. चहाला थांबले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचं अपमान झाल्याचं पत्र आलं. व्यवस्थापक बाईंनी दिलगिरीचं उत्तर पाठवलं. कंट्रोलरांना ते वाचायला दिलं, पण काही सुनावलं नाही. त्या सव्वीस जणींपैकी एकीने अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं होतं की वीस वर्षांच्या नोकरीत तिने पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरांना प्रश्न विचारला. कंट्रोलरांनी तो कागद डॉक्टरांना पाठवावा असं सुचवलं. पाठवला की नाही, ते त्यांना कळलं नाही.

याला आता पाच वर्षं झाली. सभागृहात येणारी प्रत्येक मोठी परिषद आता याच पद्धतीने चालते. कधी जमिनीची मोजणी करणारे येतात, कधी ग्रंथपाल, कधी मधमाश्या पाळणारे. मधमाश्यावाले ठरल्या खोलीत कधीच जात नाहीत, बागेत उभं राहून गप्पा मारतात. त्यांच्यासाठी थापेचा भागाकार वेगळा ठेवावा लागतो. आकडे बदलायला कंट्रोलर शिकले आहेत. तीसचे त्यांनी मोजणीवाल्यांसाठी पन्नास केले, कारण ती माणसं दिवसभर उभीच असतात. प्रोग्रॅममधला कोणताही आकडा बदलला की शेजारी का ते लिहायचं, हा सुनेचा नियम. ती यादी आता नऊ पानांची झाली आहे. मुलगा सुट्टीवर आला की म्हणतो, मी घरात पाहुणा आहे, ह्या दोघांचं कार्यालय आहे.

वाद फक्त पडद्याचा राहिला. कंट्रोलरांच्या मते लोकांपासून आकडा लपवणं बरं नाही. गाडी किती भरली आहे हे प्रवाशाला विचारायचा हक्क असतो. ऐकून तो चढेल नाहीतर दुसरी धरेल, ते त्याचं तो बघेल. सुनेच्या मते आकडा दाखवला की माणूस स्वतःला काय ऐकायचंय ते विसरतो आणि इतरांचं बघून पळतो. सोयीसाठीच लपवलाय, ती म्हणते. लपवून केलेली सोय मला पचत नाही, ते म्हणतात. हे बहुतेक जेवताना चालतं. मग बायको सांगते, खोल्यांना कुलूप लावा आणि आधी जेवा.

गेल्या वर्षी त्यांनी त्यातून एक वाट काढली. आकडा पडद्यावर येत नाही, पण कंट्रोलरांच्या टेबलावर एक छोटी पाटी आहे: कोणत्या सत्राला किती माणसं, ते इथे विचारल्यास सांगितलं जाईल. सुनेने हरकत घेतली नाही. सगळे येऊन विचारतील आणि पुन्हा तोच गोंधळ होईल, एवढंच म्हणाली. तसं झालं नाही. दिवसाला चारपाच जण विचारतात. बाकीचे पाटी वाचतात आणि पुढे जातात. का जातात, हे कंट्रोलरांना अजून उमगलेलं नाही. कुणाला विचारलं तर ती व्यक्ती हसते आणि म्हणते, असू दे, मला त्याच सत्राला जायचंय. जे विचारतात त्यांना ते खुर्चीवरून उठून, जवळ वाकून, आकडा सांगतात. आणि तो किती मिनिटांपूर्वीचा आहे, तेही.